आपल्याच अंगणात काय लावावे, हे कोणी ठरवायचे? (वडोदरा – कोनोकार्पस, लॉन आणि मार्जिनची जागा)

वासणाकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही वडोदऱ्यात वासणा रस्त्याच्या पलीकडे एका टेनामेंट सोसायटीत गेली चौदा वर्षे राहत आहोत. घरापुढे साधारण बारा फुटांची मार्जिनची (बांधकाम न करता मोकळी सोडायची) जागा आहे, मागे सहा फुटांची आहे आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून कोनोकार्पस या बाराही महिने हिरव्या राहणाऱ्या परदेशी झाडाची रांग आहे. ही रांग बिल्डरने ताबा देतानाच लावून दिली होती. तेव्हा गुडघ्याएवढी असलेली ती रोपे आज दोन पुरुष उंच झाली आहेत.

गेल्या महिन्यात आमच्या कमिटीने प्रत्येक घरी एक परिपत्रक वाटले. पुढच्या मार्जिनमध्ये लॉन किंवा पेव्हर ब्लॉक यांखेरीज काही नको, भाजीपाला, वेल आणि मांडव पंधरा दिवसांत काढावेत, कोनोकार्पसचे कुंपण मात्र सर्वांकडे एकसारखे राहिले पाहिजे म्हणून कोणी तोडू नये, आणि झाडाचा पाचोळा शेजाऱ्याच्या अंगणात गेल्यास पाचशे रुपये दंड, असे त्यात लिहिले आहे. आमच्या सौभाग्यवतींनी पुढच्या अंगणात अळू, दोडक्याचा वेल, कढीपत्ता आणि दूर्वा लावल्या आहेत. कोपऱ्यात माझ्या आईने लावलेला प्राजक्त आहे. आई आता नाही, आणि म्हणून त्या झाडावर कोणी बोट ठेवले की मला शांतपणे विचार करणे जड जाते, हे आधीच सांगून टाकतो.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की, माझ्या नावावर असलेल्या प्लॉटच्या मार्जिनमध्ये काय उगवावे हे ठरवण्याचा सोसायटीला कितपत अधिकार आहे? दुसरा असा की, गुजरात सरकारने कोनोकार्पसवर बंदी घातली आहे असे सगळे म्हणतात, तर ते कुंपण मला काढता येईल का, की आता काढलेच पाहिजे? हिवाळ्यात आमच्या नातीला खोकल्याचा त्रास होतो. डॉक्टरांनी कोणत्याही झाडाचे नाव घेतलेले नाही आणि मीही तसा दावा करत नाही, पण मनात शंका आहे.

रावपुरा_जुना

परिपत्रकाची मूळ प्रत आणि सोसायटीचे पोटनियम हातात घेऊन वाचल्याशिवाय एक रुपयाही दंड भरू नका, आणि एक फांदीही तोडू नका.

कायद्याचे_बोला

वासणाकर काका, येथे तीन वेगवेगळ्या पातळ्यांचे नियम एकमेकांत मिसळले गेले आहेत, त्यामुळे आधी ते सुटे करू.

राज्याची पातळी आधी घेतो. वन विभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये काढलेल्या परिपत्रकाने वनक्षेत्रात आणि वनाबाहेरच्या जमिनीवरही कोनोकार्पस लावण्यास आणि रोपवाटिकेत त्याची रोपे तयार करण्यास मनाई केली. कारणे अशी दिली होती की, हिवाळ्यात फुलोऱ्याच्या वेळी उडणाऱ्या परागांमुळे सर्दी, खोकला, दमा आणि ॲलर्जी होऊ शकते, आणि मुळे खोल व दूरवर जाऊन टेलिफोनच्या केबल, ड्रेनेज आणि पिण्याच्या पाण्याच्या नळांचे नुकसान करतात. हे सारे नव्याने लावण्याबद्दल आहे. खाजगी अंगणात आधीपासून उभे असलेले झाड तोडलेच पाहिजे असे बंधन त्यातून निघत नाही. म्हणून ‘काढलेच पाहिजे’ हे बरोबर नाही. पण ज्या झाडाची लागण करायला राज्याने मनाई केली आहे, तेच झाड एकसारखेपणासाठी सक्तीने ठेवायला लावणाऱ्या परिपत्रकाची बाजूही फार भक्कम नाही.

महापालिकेच्या पातळीवर एक गोष्ट लक्षात ठेवा. झाड तुमचे असले तरी शहराच्या हद्दीत ते मुळासकट तोडण्यापूर्वी उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करून परवानगी घ्यावी. जे लोक ‘बंदी असलेले झाड आहे, त्याला कसली परवानगी’ असे म्हणून आधी करवत चालवतात, ते स्वतःची बाजू विनाकारण लंगडी करून घेतात.

राहिली सोसायटी. तुमचा दस्तऐवज काढून दोन गोष्टी पाहा. जमीन सोसायटीच्या नावावर आहे आणि तुम्ही तिचे सभासद आहात, की प्लॉट तुमच्या वैयक्तिक नावावर असून सोसायटी केवळ रस्ते, दिवे आणि कॉमन प्लॉट सांभाळणारी सर्व्हिस सोसायटी आहे? दुसऱ्या प्रकारात तुमच्या मार्जिनवर तिचा अधिकार बराच मर्यादित असतो. तसेच कमिटीचे परिपत्रक म्हणजे सर्वसाधारण सभेचा ठराव नव्हे, आणि सभेचा ठराव म्हणजे पोटनियम नव्हे. गुजरात सहकारी संस्था अधिनियम, १९६१ खाली नोंदलेल्या संस्थेला पोटनियमात दुरुस्ती करायची असेल, तर ती निबंधकाकडे नोंदवावी लागते. पाचशे रुपयांच्या दंडाला पोटनियमांत आधार आहे का, हे लेखी विचारा. अगदीच गरज पडली तर अशा वादांसाठी बोर्ड ऑफ नॉमिनीज आहे, पण एका दोडक्याच्या वेलासाठी तिथपर्यंत जाण्याची वेळ कोणावर येऊ नये असे मला मनापासून वाटते.

सेक्रेटरी_मांजलपूर

मी सहा वर्षे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वासणाकरांची तळमळ मला समजते, पण असे नियम कमिटीला सुचतात ते उगाच नव्हे.

आमच्याकडे एका सभासदाने वेलासाठी बांबूचा मांडव घातला. पुढच्या वर्षी त्यावर हिरवे जाळीचे कापड आले, त्याच्या पुढच्या वर्षी पत्रा आला, मग त्याखाली गाडी आली आणि शेवटी तिन्ही बाजूंनी भिंत उभी राहिली. मार्जिनच्या जागेत बांधकाम चालत नाही हे त्यांनाही ठाऊक होते. प्रत्येक पायरीला आम्ही ‘एवढ्यासाठी काय बोलायचे’ म्हणून गप्प बसलो, आणि भिंत उभी राहिल्यावर बोललो तेव्हा संबंध कायमचे बिघडले. दुसऱ्या एका घरी कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचून डासांच्या अळ्या सापडल्या आणि त्या पावसाळ्यात त्या ओळीतल्या तीन घरांत डेंग्यू झाला. ज्याच्या घरात आजारी माणूस असते, त्याला शेजारच्या बागेचे कौतुक ऐकवत नाही.

तरीही वासणाकरांच्या कमिटीचा नियम मला चुकीचा वाटतो, कारण त्यात अपाय कशाने होतो याचा विचार नाही, फक्त दिसते कसे याचा आहे. मांडवाची उंची ठरवा, पत्र्याला मनाई करा, साचलेल्या पाण्याला दंड करा, पण अळू नको आणि लॉन चालेल, याला काही अर्थ नाही.

पाणीदार

सेक्रेटरी साहेबांच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि मी त्यापुढे जाऊन म्हणेन की त्या परिपत्रकातला सर्वांत अपायकारक शब्द कोनोकार्पस नसून ‘पेव्हर ब्लॉक’ हा आहे. मी स्थापत्य अभियंता आहे आणि जमिनीखालची कामे करण्यात माझी तीस वर्षे गेली.

आपल्याकडची बरीचशी जमीन काळी आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अंगण उघडे असेल तर पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून खाली उतरते. त्यावर काँक्रीटचा थर आणि वर पेव्हर बसवले, की तेच पाणी फाटकाबाहेर रस्त्यावर येते, रस्त्यावरून गटारात जाते आणि गटार भरले की पुन्हा आपल्याच उंबऱ्याशी येते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा शहराचे काय झाले, हे येथल्या प्रत्येकाने पाहिले आहे. तो पूर अंगणातल्या पेव्हरमुळे आला असे मी म्हणत नाही. त्याची कारणे नदीच्या पात्रात आणि काठावर आहेत. परंतु प्रत्येक घरातून बाहेर ढकललेले पाणी शेवटी त्याच नदीकडे जाते, हे नाकारता येणार नाही. राज्याच्या २०१७च्या विकास नियंत्रण विनियमांत मोठ्या भूखंडांसाठी पाणी जमिनीत मुरवण्याची आणि झाडे लावण्याची तरतूद आहे ती याच विचाराने. आपण मात्र रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी) मिळेपर्यंत नकाशावर झाडांचे गोल काढतो आणि ताबा मिळाला की त्यावर फरशी घालतो.

झाडाच्या बुंध्याभोवती पेव्हर आवळणे तर फारच वाईट. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तो दिल्लीपुरता होता, पण मुळांना श्वास सगळीकडे सारखाच लागतो.

आता कोनोकार्पसबद्दल डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. गेल्या वर्षी गोत्रीतल्या एका ओळखीच्या घरी स्वयंपाकघराचे पाणी उतरेना, म्हणून चेंबर उघडला. पाइपाच्या सांध्यातून केसाएवढे एक मूळ आत शिरले होते आणि आतल्या ओलाव्यावर पोसून त्याची चार फूट लांब, मनगटाएवढी जाड, तपकिरी रंगाची शेपटी झाली होती. आम्ही दोघांनी मिळून ती ओढून काढली तेव्हा तिच्याबरोबर भाताची शिते, चहाचा चोथा आणि साबणाचा पांढरा लगदा बाहेर आला. झाड त्या चेंबरपासून अकरा फुटांवर होते. जुना चिनी मातीचा पाइप असेल आणि त्याचे सांधे सिमेंटचे असतील, तर वड, पिंपळ किंवा रबराचे झाडसुद्धा हेच करते, ही गोष्टही प्रामाणिकपणे नोंदवतो. वासणाकर, तुमची ड्रेनेजची रेषा कोणत्या बाजूने जाते ते आधी पाहा.

हिरवी_भिंत

मला सर्वांची क्षमा मागून वेगळे मत मांडायचे आहे. आमचे घर महामार्गाच्या जवळ आहे. कोनोकार्पसची रांग नव्हती तेव्हा सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येत असे. आज त्याच रांगेत दोन बुलबुलांची घरटी आहेत. बंदी आली म्हणून लोक ज्या घाईने ही झाडे कापत आहेत, ती घाई पाहून मला वाईट वाटते. तुम्ही सगळे सुचवाल ती देशी झाडे वाढायला पाच-सात वर्षे घेतील. तोपर्यंत आमच्या घरातल्या धुळीचे आणि त्या पाखरांचे काय, याचे उत्तर कोणी देत नाही.

निर्गुडी

‘हिरवी भिंत’ ताईंनी विचारलेला प्रश्न योग्य आहे आणि त्याला घाईघाईने उत्तर देऊ नये. मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

कोनोकार्पसच्या आपल्याकडे दोन जाती दिसतात. त्यांतली एक अमेरिकेच्या आणि पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण किनाऱ्यांवर खारफुटीच्या शेजाराने वाढते, दुसरी सोमालिया आणि येमेनच्या बाजूची आहे. खारट पाणी, कडक ऊन आणि निकृष्ट जमीन सहन करण्याची ताकद त्यांना तिथून मिळाली. म्हणूनच आखाती देशांत त्यांची भरपूर लागवड झाली आणि पुढे आपल्याकडे बिल्डरांना आणि दुभाजकांना ती सोयीची वाटली. बाराही महिने हिरवी, झपाट्याने वाढणारी आणि कशीही छाटली तरी पुन्हा फुटणारी अशी झाडे. मिरीच्या घोसासारखी त्यांची हिरवट गोल फुले नीट पाहिली तर लगेच ओळखता येतात.

परागांच्या त्रासाबद्दल सर्व शास्त्रज्ञांचे एकमत नाही आणि वासणाकरांनी नातीच्या खोकल्याबद्दल दावा करण्याचे टाळले, याचे मला कौतुक वाटते. हिवाळ्यात धूळ, धूर आणि गारठा हेही असतात. परंतु एकच झाड हजारोंच्या संख्येने शहरभर लावणे हे, त्याचे पराग अपायकारक असोत वा नसोत, शहाणपणाचे नाही. आपल्या गुजरातने हा धडा आधी एकदा शिकलेला आहे. कच्छच्या रणाचा विस्तार थोपवण्यासाठी १९६०च्या दशकात लावलेल्या गांडो बावळाने (वेड्या बाभळीने) बन्नीच्या गवताळ प्रदेशाची काय अवस्था केली, हे तिथले पशुपालक सांगतात. तेव्हाही हेतू चांगलाच होता.

आता ताईंच्या प्रश्नाचे उत्तर. सर्व रांग एकाच वेळी कापू नका. एक सोडून एक झाड काढा आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवे कुंपण लावा. अडुळसा, मेंदी, निर्गुडी आणि कोरांटी ही सारी आपल्या हवेतली झुडपे आहेत. अडुळशाला सात वर्षे लागत नाहीत. दोन पावसाळ्यांत तो छातीएवढा होतो, त्याला गुरे तोंड लावत नाहीत आणि छाटणीही तो सोसतो. काट्यांचे कुंपण हवे असेल तर करवंद लावा. कण्हेर दिसायला सुंदर असली तरी तिचे सर्व भाग विषारी आहेत, म्हणून जिथे लहान मुले खेळतात तिथे ती नको. उरलेली कोनोकार्पसची झाडे नव्या कुंपणाने उंची धरल्यावर काढावीत, आणि तीही पिलांनी घरटी सोडल्यावर. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी, ती म्हणजे नुसता बुंधा कापून हे झाड मरत नाही. महिन्याभरात खुंटाभोवती फुटव्यांचे झुडूप उभे राहते. मुळाचा गड्डा खणूनच काढावा लागतो.

विश्वामित्री_काठ

निर्गुडी मॅडमनी कुंपणाचा विषय काढला म्हणून आमच्या भागातली एक वेगळी अडचण लिहितो. आमची सोसायटी नदीपासून दीडशे पावलांवर आहे. २०२४च्या पुराचे पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणातला गाळ काढायला गेलो. कोनोकार्पसच्या रांगेखाली, जिथे खालच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या होत्या, तिथे मला एक ओले लाकूड दिसले. मी फावड्याचा दांडा लावून ते सरकवणार, एवढ्यात त्या लाकडाने डोळा उघडला. ती साधारण पाच फुटांची मगर होती. मी मागच्या पावली घरात आलो, दार लावले, वन विभागाला फोन केला आणि दोन तासांत त्यांच्या माणसांनी स्वयंसेवकांना बरोबर घेऊन तिला सुरक्षित नेले.

आपल्या नदीतली मगर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीतली आहे, त्यामुळे तिला काठीने डिवचणे किंवा दोरीने ओढणे हा गुन्हा आहे. मगरी या नदीत आपल्या सोसायट्यांच्या कितीतरी आधीपासून आहेत, म्हणून माझी तक्रार तिच्याबद्दल मुळीच नाही. सांगायचे ते इतकेच की, नदीकाठच्या घरांनी कोणतेही कुंपण लावले तरी जमिनीपासून दीड-दोन फूट खालची बाजू छाटून मोकळी ठेवावी, म्हणजे खाली काय आहे ते दिसते. आमच्या सोसायटीने पुरानंतर नियम केला तो एवढाच, आणि तो सर्वांनी आनंदाने पाळला.

हिरवी_भिंत

निर्गुडी मॅडम, एक सोडून एक काढण्याचा उपाय मला पटला. येत्या पावसाळ्याच्या तोंडावर सुरुवात करते. घरटी असलेली दोन झाडे मात्र शेवटी.

दांडियाबाजार_वाडा

या धाग्यामुळे आमचा जुना वाडा आठवला. चौकात तुळशी वृंदावन, विहिरीजवळ औदुंबर आणि मागच्या बाजूला केळी. तिथे लेखी नियम एकही नव्हता, परंतु भिंतीपासून किती हातांवर काय लावायचे हे आजीला ठाऊक होते, आणि गच्चीच्या कठड्यात पिंपळाचे रोप दिसले की ती ते कोवळे असतानाच ओल्या मातीच्या गोळ्यासकट काढून कुंडीत लावत असे व पुढे देवळाच्या आवारात नेऊन देत असे. ज्या शहराचे नावच वडावरून पडले आहे, जिथे सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये कमाटी बाग लोकांसाठी खुली केली, त्या शहरात ‘अंगणात झाड नको, लॉन ठेवा’ असे परिपत्रक निघते, याचा खेद वाटतो. लॉनला उन्हाळ्यात रोज पाणी घालावे लागते. ते आजव्याच्या तलावातून किंवा मही नदीतल्या विहिरींतून शुद्ध होऊन आलेले पिण्याचे पाणी असते, याची आठवण कमिटीला कोणीतरी करून द्यावी.

सेक्रेटरी_मांजलपूर

वाड्याच्या आठवणी आम्हालाही आहेत. परंतु वाड्यात एक आजी होती आणि तिचे सगळे ऐकत. आज ऐंशी घरांत ऐंशी मते असतात, म्हणून कागदावर काहीतरी लिहावेच लागते.

इंदूरची_वहिनी

माझे माहेर वडोदऱ्याच्या कारेलीबागेतले, सासर इंदूरचे. तुलनेसाठी आमच्याकडचे लिहिते. मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांसाठी २००१चा स्वतंत्र वृक्ष परिरक्षण अधिनियम आहे आणि वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय स्वतःच्या आवारातले झाडही तोडता येत नाही. तसेच १४० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर घर बांधताना छतावरचे पाणी जमिनीत मुरवण्याची व्यवस्था बंधनकारक आहे, आणि जो ती करतो त्याला त्या वर्षाच्या मालमत्ता करात सहा टक्के सूट देण्याची तरतूद आहे. आमच्या घरी ती व्यवस्था करून नऊ वर्षे झाली. शेजारी विचारायला आले ते आधी करातल्या सवलतीमुळे. मग मे महिन्यात आमच्या बोअरचे पाणी टिकलेले पाहून आणखी दोघांनी तसे करून घेतले. दंडाच्या परिपत्रकाने अशी कामे होताना मी पाहिलेली नाहीत.

पाचोळ्याबद्दल सुचवायचे तर, अंगणाच्या एका कोपऱ्यात तीन फूट लांब-रुंद विटांचा हौद करा, खाली माती मोकळी ठेवा आणि पाचोळा, थोडे शेण व ताक यांचे थर द्या. शेजाऱ्याकडे गेलेला पाचोळा आपण स्वतः जाऊन झाडून आणला, की दंडाचा विषयच संपतो.

चंदनवाडी

थोडे वेगळे, पण उपयोगी पडेल. अंगणात चंदन, सागवान, शिसव, खैर किंवा महुडा (मोह) असेल तर त्याचा विषय निराळा आहे, कारण ही झाडे स्वतःच्या जमिनीवरची असली तरी तोडण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते. आमच्या मागच्या अंगणातला चंदन एका रात्रीत चोरांनी करवतीने कापून नेला. सकाळी फक्त भुशाचा ढीग आणि सुगंध उरला होता. पोलिसांत तक्रार देताना झाडाची जुनी छायाचित्रे आणि बुंध्याचे माप जवळ असल्याचा उपयोग झाला. ज्यांच्याकडे चंदन आहे त्यांनी ही नोंद आजच करून ठेवावी.

वासणाकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ‘कायद्याचे बोला’ यांनी सांगितल्याप्रमाणे दस्तऐवज काढून पाहिला. प्लॉट आमच्या नावावर आहे आणि सोसायटी सर्व्हिस सोसायटी आहे. पोटनियमांत अंगणाबद्दल एकच वाक्य सापडले, ते असे की सभासदाने शेजाऱ्यास उपद्रव होईल असे काही करू नये. परिपत्रक सर्वसाधारण सभेपुढे आलेलेच नाही.

हे सगळे हातात आल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात आले की नोटीस पाठवावी. मग सेक्रेटरी साहेबांचा मांडवाचा अनुभव पुन्हा वाचला आणि आमच्या सेक्रेटरींच्या घरी जाऊन बसलो. त्यांनी सांगितले की ओळीतल्या एका घराने मार्जिनमध्ये पत्रे टाकून कपड्यांचा धंदा सुरू केला आहे आणि एकट्यावर कारवाई केली असे दिसू नये म्हणून सर्वांसाठी परिपत्रक काढले. म्हणजे मूळ दुखणे तिथे होते आणि औषध आमच्या दोडक्याला मिळाले. मी त्यांना प्राजक्ताखाली नेले. सकाळची वेळ होती, सडा पडलेला होता. ते काही बोलले नाहीत, पण पायातल्या चपला बाहेर काढून आत आले.

आता एक अडचण उरली आहे. अळूच्या वाफ्यात पाणी राहते आणि शेजारच्या काकूंना डासांची भीती आहे. त्यावर काय करावे?

निर्गुडी

अळूला ओल हवी असते, तळे नव्हे. वाफ्याची कड फोडून पाणी पलीकडच्या केळीकडे किंवा कर्दळीकडे वाहू द्या आणि मातीवर वाळलेल्या पाल्याचा चार बोटे थर घाला. पाणी उघडे दिसले नाही म्हणजे डास अंडी घालत नाहीत. आणि काकूंना पहिली जुडी द्या.

कायद्याचे_बोला

सभेपुढे नवा ठराव येणार असेल तर त्याचा मसुदा साधा ठेवा. मार्जिनमध्ये पक्के छत नको, साचलेले पाणी नको, वेलाचा मांडव कंपाउंडच्या भिंतीपेक्षा उंच नको, प्रत्येक अंगणात काही भाग उघड्या मातीचा असावा, आणि झाड काढायचे असल्यास महापालिकेच्या परवानगीची प्रत कार्यालयात द्यावी. लॉन, भाजी, फुले यांचा उल्लेखच करू नका. जे लिहिले जात नाही त्यावर भांडणही होत नाही.

पाणीदार

त्यात एक ओळ माझ्यासाठी वाढवा. ड्रेनेजच्या रेषेपासून दहा फुटांच्या आत मोठे होणारे झाड लावू नये. आणि आधीचे पेव्हर काढायचे असतील तर खालचे काँक्रीटही फोडा, नाहीतर वरून माती दिसेल आणि पाणी मात्र मुरणार नाही.

वासणाकर (धागाकर्ता)

सात आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. सर्वसाधारण सभा झाली. ठराव जवळपास वरच्या मसुद्याप्रमाणेच मंजूर झाला. पेव्हरच्या ओळीवर बराच वाद झाला, कारण अकरा घरांनी नुकताच खर्च करून ते बसवले आहेत. शेवटी त्यांना सध्या सूट द्यावी आणि झाडांच्या बुंध्याभोवतीचे तेवढे आधी काढावे, असे ठरले. मला हे अपुरे वाटते आणि तसे मी सभेत सांगितले.

उद्यान विभागाकडे अर्ज दिला होता. पाहणी होऊन परवानगी मिळाली आणि तिच्यासोबत नवी झाडे लावण्याची अटही आली, जी आम्हाला हवीच होती. पाणीदार साहेब, तुमचे म्हणणे ऐकून स्वयंपाकघराच्या चेंबरकडची तीन झाडे प्रथम काढली. मूळ सांध्यापर्यंत पोहोचले होते, आत शिरले नव्हते. त्या जागी अडुळशाच्या बारा काड्या लावल्या, त्यांतल्या नऊ फुटल्या आहेत. रांगेतली बाकीची झाडे एक सोडून एक या पद्धतीने दोन वर्षांत काढू.

नातीचा खोकला येत्या हिवाळ्यात कसा राहतो ते पाहायचे आहे. काकूंनी अळूची पहिली जुडी नेली आणि दुसऱ्या दिवशी अळूवड्यांचा डबा परत आला.

हिरवी_भिंत

वासणाकर काका, अडुळसा छाटाल तेव्हा काड्या टाकून देऊ नका. मला वीस हव्या आहेत, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.